पायातून न निघणारे बूट

कव्हरवाल्यांनी सीटवर एकदा टीप मारली की गाडी भंगारात जाईल पण टीप उसवणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. कव्हरवाले ते खाली मान घालून ऐकत आणि घरी गेल्यावर बायकोला शब्द न शब्द सांगत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मोटारींच्या सीटा शिवल्या, फाटके पट्टे बदलले, बकलं बसवली. माणूस सीटला नीट बांधलेला असला की वाचतो, ही त्यांची एकमेव श्रद्धा. बाकी कशावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता आणि पाण्यावर तर मुळीच नव्हता. पोहायला त्यांना येत नव्हतं. आंघोळसुद्धा ते बेताच्या पाण्यात उरकतात, असं बायको म्हणायची. तिचं सगळंच खरं धरायचं कारण नाही.

त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मुलीने जेवता जेवता सांगितलं की रविवारी ती नदीवर कयाक शिकायला जाणार आहे, तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

मुलगी एकोणीस वर्षांची, एकुलती एक. मधल्या दोन वर्षांत अशी सरसर वाढली की घरात तिचं नावच शिडी पडलं. बापाच्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसायचं.

"कयाक म्हणजे काय गं?"

"एका माणसाची लहान बोट, बाबा. आत पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही बाजूंनी वल्हं मारायचं."

"आणि उलटली तर?"

"उलटतेच. पहिल्या दिवशी तेच तर शिकवतात. मुद्दाम उलटवायची आणि बाहेर यायचं." एवढं बोलून तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

कव्हरवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. ती दवाखान्यात वॉर्डात मदतनीस होती, रोज बरंवाईट बघायची, म्हणून घरातल्या भीतीला तिच्याकडे दया नव्हती.

"तुमचा चेहरा बघा जरा आरशात," ती म्हणाली. "नदीत ती उतरणार आहे, तुम्ही नाही. भित्री भागूबाई कुठचे!"

शिडीने फोनवर बोटीचा फोटो दाखवला. कव्हरवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो अगदी डोळ्यांजवळ धरला. निमुळती प्लास्टिकची बोट, मध्ये भोक, भोकात सीट. पुढे आत दोन्ही बाजूंना पाय टेकवायला आडव्या खुंट्या. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"हिला पट्टा कुठे आहे?"

"कसला पट्टा?"

"सीटला पट्टा नाही? बकल नाही? माणूस नुसता आत ठेवलेला?"

"लाइफ जॅकेट देतात ना बाबा." शिडीने फोन काढून घेतला आणि पिशवीतून दोन कागद त्यांच्यापुढे टाकले. "हे बघा, सगळं लिहून दिलंय. काय घालायचं, काय नाही. तुम्हाला काळजी आहे ना, मग कपड्यांचं तुम्हीच बघा."

नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. शिडीला नाही म्हटलं की ती भांडत नसे, नुसती गप्प व्हायची, आणि ते चार-चार दिवस चालायचं. शिवाय कापड हा त्यांचा प्रांत. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे असं म्हणून त्यांनी कागद खिशात घातले.

शुक्रवारी दुकानात गेल्या गेल्या त्यांनी पहिलं पान भिंतीला चिकटवलं. जीन्स नको. सुती कपडे नकोत. चटकन वाळणारं, अंगाबरोबरचं, पूर्ण बाह्यांचं घाला. हे त्यांना पटलं, पण नुसतं पटून त्यांचं भागत नसे. शिडीची जुनी जीन्स त्यांनी बादलीत बुडवली आणि फोम मोजायच्या काट्याला टांगली. कोरडी असताना पाऊण किलो होती, आता दोन किलोंच्या वर गेली, आणि पाच मिनिटं निथळूनही काटा खाली येईना. लटकणाऱ्या त्या दोन निळ्या पायांकडे बघताना त्यांना घाम फुटला. मुलगी हे घालून गेली असती तर? तिने घालायचं ठरवलंही नव्हतं, पण घाबरणाऱ्याला तेवढंही पुरतं. मग त्यांनी खेळाच्या दुकानातून आणलेली पॉलिएस्टरची पँट बुडवली, दोनदा झटकली, आणि ती जवळजवळ होती तेवढीच भरली. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. रंगावरून शिडीशी झालेल्या वादात काळा हरला आणि भडक नारिंगी जिंकला, पँटलाही आणि पूर्ण बाह्यांच्या शर्टालाही. माणूस लांबून दिसला पाहिजे, या एका मुद्द्यावर कव्हरवाले हटले नाहीत.

अडलं ते बुटांपाशी.

कागदावर लिहिलं होतं: चप्पल नको, सँडल नको, गमबूट तर नकोच, कारण त्यात पाणी भरतं. पायाला घट्ट बसणारे, पातळ तळाचे, बंद बूट हवेत. शिडीकडे पळायचे जुने बूट होते. तिने ते घालून न्हाणीघरातल्या टपात उभं राहून दाखवलं. कव्हरवाले पुढे उकिडवे बसले होते. तिने उजवा पाय उचलला तशी बुटाची टाच सुळकन खाली आली.

"बघ! निघाला!"

"अहो, ओले झाले की जरा ढिले होणारच. नाडी ओढून बांधीन."

ती टॉवेल घेऊन निघून गेली आणि कव्हरवाले टपाजवळ तसेच बसून राहिले.

ही भीती आभाळातून पडली नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक गाडी आली होती, नदीतून काढलेली. सीटा बदलायच्या होत्या. ड्रायव्हरची सीट उचकटली तेव्हा खालच्या गाळात एक बायकी चप्पल सापडली, एकच. गाडी आणणाऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. चप्पल धुतली, वाळवली, आणि गाडी परत देताना मागच्या सीटवर ठेवून दिली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं: पाण्यात आधी पायातलं जातं, मग माणूस. हे त्यांनी कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांना समजावलं तरी असतं.

शनिवारी दुपारी त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. हाताशी कागद हवा होता. कागद बेतल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत, अगदी चार बोटांचा तुकडा असला तरी. मशीनवर शिडीने दिलेला दुसरा कागद पडला होता, कोरी बाजू वर. नियमबियम असतील, सहीबिही असेल, अशी त्यांची समजूत. त्यावर त्यांनी बूट ठेवला, पेन्सिल फिरवली, घोट्याचा घेर आखला, टाचेमागे एक लांबट फास आखला आणि कात्री चालवली.

गाडीच्या सीटबेल्टची नवी पट्टी त्यांनी काढली. दोरा नायलॉनचा घेतला, मोटारीतल्या पट्ट्यांना वापरतात तो. बुटाच्या तळाखालून पट्टी घेतली, घोट्याभोवती फिरवली आणि बकलाने अशी आवळायची सोय केली की बूट पायातून निघणं शक्यच नाही. टाचेमागे मूठभर रुंदीचा फास ठेवला. प्रत्येक सांध्यावर चौकोन, चौकोनात फुली, आणि त्यावर पुन्हा चार टिपा. दोन्ही बूट झाल्यावर त्यांनी फास खुंटीला अडकवला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला. खुंटी हलली, फास जागचा हलला नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी शिडीने बूट हातात घेतले आणि ती खो खो हसत सुटली. "बाबा, हे बूट आहेत की ट्रकचं सामान?"

"हसू नकोस. ऐक. बोटीत बसलीस की हे मागचे फास आतल्या खुंट्यांमध्ये अडकवायचे. म्हणजे बोट उलटली तरी तू बोटीपासून सुटणार नाहीस. बोट बुडत नाही ना? मग तूही नाही."

"पण कुणी असं करत नाही."

"कुणाचा बाप सीटा शिवतो?"

ती अजून काहीतरी बोलणार होती. पण बुटाकडे बोट दाखवणारा त्यांचा हात थरथरत होता, आणि ते तिने पाहिलं. ती हसायची थांबली.

"बरं. अडकवीन."

"नक्की?"

"सांगितलं ना बाबा, अडकवीन."

रविवारी बायकोची सकाळची पाळी होती, ती सहालाच गेली. साडेसातला शिडीला मैत्रिणीची गाडी न्यायला आली. नारिंगी पँट तिने घोट्याच्या खाली ओढून घेतली होती, पट्टे कुणाला दिसू नयेत म्हणून. कव्हरवाल्यांनी हात हलवला आणि घरात एकट्याने बसणं नको म्हणून दुकानाची वाट धरली.

आदल्या दिवशीचा पसारा आवरायचा होता. बेतलेला कागद ते कधी टाकत नसत. वर भोक पाडून खिळ्याला अडकवून ठेवत, पुन्हा लागला तर. बुटाचा कागद त्यांनी उचलला, भोक पाडायला उलटा केला, आणि त्यांना छापलेली अक्षरं दिसली. ओळी कात्रीने दोन्हीकडून तोडल्या होत्या. मधोमध एवढंच राहिलं होतं: "...पट्टा, फास किंवा लोंबती नाडी असले..."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी ते परत वाचलं. मग ते चिंध्यांच्या खोक्यावर तुटून पडले. फोमचे तुकडे, रेक्झिनच्या पट्ट्या, दोऱ्याची गुंतवळ, सगळं त्यांनी जमिनीवर ओतलं. कागदाचे चार तुकडे सापडले. मशीनवर ते बुटाच्या कागदाभोवती जुळवताना एक तुकडा सारखा हातातून निसटत होता. शेवटी त्यांनी चारही तुकड्यांवर टाचण्यांची डबी, कात्री आणि स्वतःचे दोन अंगठे ठेवले आणि वाचलं.

"बुटांना पट्टा, फास किंवा लोंबती नाडी असलेल्यांना पाण्यात उतरू दिलं जाणार नाही. बोटीला स्वतःला कधीही बांधून घेऊ नका. बोट उलटल्यावर पाय ताबडतोब मोकळे होऊन बाहेर निघाले पाहिजेत. पाय आत अडकला तर डोकं पाण्याखाली राहतं."

त्यांनी शिडीला फोन लावला. वाजत राहिला. ती सांगून गेली होती की फोन कपाटात ठेवावे लागतात. कागदाच्या तळाशी केंद्राचा नंबर होता, त्यातला शेवटचा आकडा कात्रीखाली गेला होता. त्यांनी शून्य लावून बघितलं, एक लावून बघितला. एक बाई झोपेतून उठून चिडली. पुढचे आकडे लावायला त्यांना धीर राहिला नाही. दुकान उघडं टाकून ते स्कूटरवर बसले.

नदी वीस मिनिटांवर होती. पहिल्या सिग्नलला ते थांबले, सवयीने, आणि थांबल्यावर स्वतःवर संतापले. आत्ता ती बोटीत बसत असेल. आत्ता पँटचा पाय वर करून, कुणी बघत नाही ना हे बघून, फास अडकवत असेल. ती अडकवणारच. शिडीने अडकवीन म्हटलं की ती अडकवते. तिला तसंच वाढवलं होतं. एखादी खोटारडी पोरगी पोटी आली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना त्या सिग्नलला खरोखर वाटलं. हिरवा दिवा लागायची वाट न बघता ते निघाले आणि मागून कुणीतरी शिवी दिली.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली आणि नदीत उतरणारा सिमेंटचा उतार. खोलीत कुणी नव्हतं. खाली पाणी संथ होतं, तपकिरी, तळ न दिसणारं. काठापासून वीसेक पावलांवर पाच बोटी ओळीने उभ्या होत्या आणि शिकवणारी ताई छातीएवढ्या पाण्यात उभी होती, तिशीची, उन्हाने रापलेली. तिने पहिल्या बोटीवर हात ठेवला. बोट फिरली, पोट वर. दोन क्षणांत एक डोकं बाजूला बाहेर आलं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी बोट. पुन्हा डोकं, पुन्हा टाळ्या. तिसरी बोट नारिंगी रंगाची होती असं त्यांना वाटलं. ती बोट नव्हती, शिडी होती.

"शिडे!" ते उतारावरून ओरडत धावले. "शिडे, फास काढ! पाय काढ आधी!"

टाळ्यांमध्ये फक्त घरचं नाव तिकडे पोचलं असावं. शिडीने मान वळवली. बाप काठावर हातवारे करतोय, सगळ्यांसमोर शिडे शिडे ओरडतोय, हे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा लाल झाला. मैत्रीण फिसकन हसली. शिडीने हाताने "जा" अशी खूण केली, आणि ताईने सांगायच्या आतच, लवकर होऊन जाऊ दे म्हणून, स्वतःला पाण्यात लोटून दिलं.

बोट फिरली. पोट वर.

कव्हरवाल्यांनी मोजलं नाही, पण आकडे आपोआप पडत गेले. दोन. तीन. चार. कुणाचंही डोकं बाहेर आलं नाही. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. बोटीच्या बाजूला पाणी ढवळलं, एक हात वर आला, पाण्यावर आपटला आणि खाली गेला. ताईने बोटीची कड धरून ती सुलटी करायला जोर लावला, पण शिडी अर्धी बाहेर आलेली होती आणि तिच्या वजनाने बोट अर्ध्यातूनच परत पालथी पडली.

"पाय अडकलाय!" कव्हरवाले ओरडले. "पायात फास आहे! आत, खुंटीला!"

ते पाण्यात कधी शिरले हे त्यांना आजही सांगता येत नाही. जाड पँट पायांना मागे ओढत होती. कामाच्या चामडी बुटांत पाणी भरलं आणि तळाच्या चिखलाने ते धरून ठेवले. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, एकदा तोंडात गेलं. आपण मरणार असं त्यांना स्पष्ट वाटलं आणि त्याचं काही विशेष वाटलं नाही. हाताला काहीतरी केसाळ लागलं. त्यांनी ते वर उचललं. शिडीचं तोंड पाण्याबाहेर आलं, निळसर, डोळे सताड उघडे, आणि तिने घशातून असा आवाज काढत श्वास घेतला की तो ऐकून त्यांना रडू फुटलं.

"असंच धरून ठेवा!" ताई म्हणाली. "सोडू नका काका, काही झालं तरी सोडू नका!" तिने जॅकेटवरचा चाकू काढला, बोटीच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि कापायला लागली. बकल ताणाने आवळलेलं, सुटेना; पट्टी तुटेना. एकदा कापून तिने हात बाहेर काढला, श्वास घेतला, परत घातला. कव्हरवाले मुलीची हनुवटी दोन्ही तळव्यांवर धरून उभे होते. सीटबेल्टची पट्टी किती सहन करते हे त्या नदीत फक्त त्यांनाच माहीत होतं. प्रत्येक टीप त्यांना आठवत होती. चौकोन, फुली, वर चार टिपा. तूट, तूट गं बाई, एवढंच ते पुटपुटत होते.

शेवटी ती तुटली. दुसऱ्या पायाचा फास शिडीच्या धडपडीत आधीच खुंटीवरून निसटला होता, म्हणून निभावलं.

काठावर शिडी बराच वेळ खोकत होती. मैत्रिणीने तिच्या पाठीवर टॉवेल टाकला. ताई समोर बसली, कापलेला तुकडा तिच्या हातात होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं. "मी प्रत्येकीचे बूट बघितले. हे पँटखाली लपवलं होतंस? कुठून आणलेस हे बूट?"

शिडी खाली बघत म्हणाली, "जुनेच घेतले. एका दुकानातून. त्याला असं काही आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही."

ती बापाकडे बघत नव्हती. कव्हरवाले चार पावलांवर उभे होते, अंगातून पाणी गळत होतं, दात वाजत होते.

"कुठलं दुकान? नाव सांग. मी आजच जाऊन त्याला विचारते. उद्या दुसऱ्या कुणाचं पोर जाईल."

नारिंगी बाहीने शिडीने नाक पुसलं. कव्हरवाल्यांनीही काही न बोलणं सोपं होतं, पोरगी त्यांच्यासाठीच सगळं झाकत होती. उभ्या आयुष्यात ती त्यांच्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलली होती.

"मी शिवलाय तो," कव्हरवाले म्हणाले. "मीच तिला अडकवायला सांगितलं. ती नको म्हणत होती."

ताईने मान वर केली. तिला रागावायचं होतं, आणि तिचा तो हक्कही होता. पण त्यांचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला.

"काका, कागद दिला होता ना आम्ही?"

"दिला होता. मी कापला."

तिला ते कळलं नाही, आणि समजावून सांगायची ताकद त्यांच्यात नव्हती. तिने चाकू त्यांच्या हातात दिला. "दुसऱ्या बुटाचंही काढा मग. तुम्हालाच माहीत असेल कुठून सुटतं ते."

ते मुलीच्या पायाशी गुडघ्यांवर बसले. शिडीने पाय पुढे केला. पट्टीच्या कडेने चाकू सरकवताना त्यांचा हात इतका हलत होता की तिने स्वतःचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. एक टीप, दुसरी टीप. दहा मिनिटं लागली. ताई मागे बाकीच्यांना पाण्याबाहेर बोलावत होती; जिला हवं असेल तिने तासाभराने परत यावं, म्हणत होती.

"बाबा, मी परत जाणार आहे," शिडी म्हणाली.

त्यांच्या तोंडापर्यंत "नाही" आलं. पाण्यात शिरताना वाटली नव्हती एवढी भीती त्यांना आत्ता, कोरड्या सिमेंटवर वाटत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तीही घाबरलेली होती, ओठ निळे होते, आणि ते त्यांच्यापासून लपवायचा ती प्रयत्नही करत नव्हती.

शेवटची टीप तुटली. पट्टी त्यांनी बाजूला टाकली, बुटाची नाडी आत खोचली आणि टाचेला धरून ओढून बघितलं. बूट हातात आला. त्यातलं पाणी ओतून त्यांनी तो परत तिच्या पायात घातला, आणि मग ते तिच्या वाटेतून बाजूला सरकले.